‘कोप अप विथ’मधला आगंतुक ‘अप’

प्रश्न असा आहे: ‘आय कॅनॉट कोप अप विथ द स्ट्रेस’ हे वाक्य परीक्षकाने चूक ठरवले. त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द शाळेतच शिकलेला असताना चूक कोठे झाली, आणि आरंभी सोपी वाटणारी इंग्रजी वरच्या इयत्तेत इतकी अवघड का होत जाते?

पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीचे आहे: ‘अप’ नको, ‘कोप विथ’ एवढेच पुरे. भाषणांत आणि मुलाखतींत हा ‘अप’ मी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो कानी पडला की वक्त्याच्या पुढच्या वाक्याकडे माझे लक्षच राहत नाही. ‘कोप’चा आजचा अर्थ कोणत्याही कोशात मिळेल. सांगण्यासारखे आहे ते त्याचे मूळ. जुन्या फ्रेंचमधील ‘तडाखा देणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला. सत्ता उलथवण्याला ‘कू’ म्हणतात तो शब्दही याच घराण्यातला. आणखी मागे गेल्यास लॅटिनच्या वाटेने ग्रीक ‘कोलाफोस’, म्हणजे चक्क बुक्की, हाती लागते. ‘कोप’चा इंग्रजीतील जुना अर्थ हातघाईवर येणे हाच होता, त्यातून निभावून नेण्याचा अर्थ सतराव्या शतकाच्या सुमारास रुळला. मराठीने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे, कारण आपणही परिस्थितीशी ‘दोन हात’च करतो. (मराठीतला ‘कोप’ संस्कृत ‘कुप्’ धातूचा, त्याचा येथे काहीही संबंध नाही.) एका व्यासंगी गृहस्थांनी मात्र हा शब्द डच भाषेतील ‘कोपेन’, म्हणजे विकत घेणे, याच्याशी जोडून ‘परिस्थितीशी सौदा करणे’ असा अर्थ मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला होता. त्या मुळाचा एक निराळा ‘कोप’ इंग्रजीत होऊन गेला, हे खरे. परंतु दोन शब्द सारखे दिसतात म्हणून त्यांना सख्खी भावंडे ठरवणे ही व्युत्पत्ती नव्हे, शाब्दिक कोटी होय.

बुक्कीचा उलगडा झाला की ‘विथ’चाही होतो. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘सोबत’ या अर्थासाठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता, आणि ‘मिडवाइफ’ या शब्दात, म्हणजे प्रसूतीच्या वेळी सोबत असणाऱ्या बाईत, तो अजून जिवंत आहे. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली, तरी ‘विथस्टँड’मध्ये जुना विरोध आणि ‘विथड्रॉ’मध्ये जुना दुरावा शिल्लक राहिला. सर्वांत आनंदाची गोष्ट ही की, या ‘विथ’चे मूळ आणि वियोग, विभक्त, विलग यांतील आपला ‘वि’ एकाच कुळातले आहेत. जो शब्द आपण ‘सह’ म्हणून घोकला, तो जन्माने ‘वि’ निघाला!

आता ‘अप’ कोठून आला? ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’, ‘कॅच अप विथ’ यांच्या संगतीने, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते मराठी कानाला सुटे क्रियापद अर्धवट वाटते. आपण नुसते खात नाही, ‘खाऊन टाकतो’. नुसते बोलत नाही, ‘बोलून घेतो’, ‘बोलून जातो’ किंवा नको ते ‘बोलून बसतो’. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमके ‘टाकणे’चे काम करतो. ही ओळख मनात कोठेतरी पटलेली असते, म्हणूनच क्रिया तडीस गेल्याचे सुचवायचे असले की आपण बिनदिक्कत ‘अप’ जोडतो. दुर्दैवाने प्रत्येक क्रियापद त्याला घरात घेत नाही, जसे मराठीत ‘येऊन टाकले’ म्हणता येत नाही. आणि का येत नाही, हे मराठी शिकणाऱ्या परक्याला दोन वाक्यांत समजावणे आपल्यालाही जमणार नाही.

प्रश्नाचा दुसरा भागही यातच आला. नामांना व्याकरणिक लिंग नाही, ‘वॉक’सारख्या क्रियापदाची रूपे अवघी चार, त्यामुळे इंग्रजीचा उंबरठा बुटका आहे. प्रत्ययांनी टाकलेला भार पुढे शब्दयोगी अव्ययांवर, ‘अ’ आणि ‘द’वर आणि शब्दांच्या जोड्यांवर पडतो, आणि तेथे नियम सांगता येत नाही, सवयच लागते. वरच्या पातळीसाठी लांबलचक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणाऱ्या मार्गदर्शकांचे मला म्हणूनच नवल वाटते. ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ असतो, तो एकदा शिकला की संपला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती तीन अक्षरी ‘सेट’ची, आणि तिच्यात ४०० हून अधिक अर्थ होते. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर आलेल्या फ्रेंच शब्दांनी आणि पुढच्या लॅटिन भरतीने ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ असे थर चढवले, हे खरे. पण ‘विचारणे’ आणि ‘पृच्छा करणे’ यांतले अंतर जाणणाऱ्याला त्यांचे फार भय नसावे.

तेव्हा परीक्षकाशी वाद न घालता आपल्या वाक्यातील ‘अप’ काढून टाकावा. येथे नुसते ‘काढावा’ पुरले असते, याची मला जाणीव आहे.