वाचकांचे प्रश्न : मल्टिमीटर घेताना आधी फ्यूज विचारा

प्रश्न : काकू, घरातली बारीकसारीक विजेची कामं मी स्वतःच करतो. प्लग बदलणं, टेबललॅम्पची वायर बदलणं, गाडीची बॅटरी उतरली आहे का बघणं, चार्जर मेला की केबल मेली याचा छडा लावणं, असली. आजवर टेस्टरवर भागवलं. आता एक डिजिटल मल्टिमीटर घ्यावा म्हणतोय. खेळण्यातला नको, प्रयोगशाळेतला महागडाही नको. मधल्या किमतीचा, पण भरवशाचा हवा. दोन मीटर डोळ्यांसमोर आहेत, किंमत सारखीच. एक ६००० काउंटचा, त्यात मोजक्याच रेंज. दुसरा २०,००० काउंटचा, त्यात तापमान, फ्रिक्वेन्सी, ट्रान्झिस्टर, सगळंच. माझा ओढा दुसऱ्याकडे आहे. बरोबर ना? जमलं तर एखाददुसरं नावही सांगा.

उत्तर : ओढा समजू शकते, पण त्याच्या मागे लगेच जाऊ नका. सगळेच आधी डिस्प्ले बघतात. मी सत्तावीस वर्षं मापनयंत्रांच्या दुरुस्तीच्या टेबलावर काढली, त्यामुळे मला मीटर तोंडाकडून कमी आणि पोटाकडून जास्त बघायची सवय. टेबलावर जे मीटर यायचे, त्यांत आकडा चुकवणारे फार थोडे. बाकीच्यांच्या तीन जाती. लीडची, म्हणजे मीटरला खोचायच्या लाल-काळ्या वायरीची, तार आतल्या आत तुटलेले, सेल फुटून आतले पत्रे हिरवे पडलेले, आणि ‘करंट दाखवत नाही’ म्हणून आणलेले. या तिसऱ्या जातीचं झाकण काढलं की फ्यूज उडालेला दिसायचा. कधी कधी तर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चॉकलेटची चांदी वळून बसवलेली. असा मीटर परत देताना मी आणणाऱ्याची बोटं मोजून घ्यायची, दहाच्या दहा आहेत ना म्हणून.

हसू नका, ती चूक मीही केली आहे. दिवसभर करंट मोजत होते, लाल लीड १० अँपिअरच्या जॅकमध्ये, म्हणजे मीटरवरच्या त्या भोकात. घरी जायच्या वेळी कुणी तरी म्हणालं, जरा त्या सॉकेटमध्ये व्होल्टेज येतंय का बघा. मी नॉब फिरवून व्होल्टवर आणला आणि दोन्ही प्रोब, म्हणजे लीडची टोकं, सॉकेटमध्ये घातले. लीड मात्र होती तिथेच. १० अँपिअरच्या जॅकमागे एक जाड तार असते, तिला शंट म्हणतात, आणि तिचा रेझिस्टन्स साधारण ओहमचा शंभरावा भाग. नॉब कुठेही असो, त्या जॅकपुरती ती तार जागची हलत नाही. म्हणजे मी फेज आणि न्यूट्रल सरळ एकमेकांना चिकटवले होते. मीटरच्या पोटात ‘टक्’ झालं, एमसीबी पडला. मीटर हातात थंडगार. फ्यूज बदलला आणि दुसऱ्या दिवशी तोच मीटर कामाला घेतला.

त्याच सुमारास तीच चूक केलेला एक दुसरा मीटर टेबलावर आला होता. त्यात काचेचा फ्यूज होता. म्हणजे असावा, कारण उरल्या होत्या फक्त दोन टोप्या. काचेची पूड झाली होती, सर्किट बोर्डवरचा तांब्याचा पट्टा वाफ होऊन झाकणाच्या आतल्या बाजूला काळा थर होऊन बसला होता, आणि झाकणाची एक कड उचकटली होती. आणणाऱ्याच्या तळहातावर भाजल्याचा डाग होता.

दोन्ही मीटरचा आकडा बरोबरच होता, हे लक्षात घ्या.

फरक कुठे होता ते सांगते. घरातल्या सॉकेटवर शॉर्ट झाला की क्षणभर काहीशे ते काही हजार अँपिअर वाहू शकतात. काचेचा छोटा, २५० व्होल्टचा फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकतो ते ३५ अँपिअर किंवा त्याच्या स्वतःच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल ते. त्यापलीकडे आतली तार वितळते खरी, पण तिच्या जागी ठिणगीचा कमानदार झोत उभा राहतो आणि करंट त्यातून वाहतच राहतो. चांगल्या मीटरमधला फ्यूज बोटाच्या पेरापेक्षा मोठा असतो, नळी सिरॅमिकची, आत वाळू भरलेली. यालाच एचआरसी फ्यूज म्हणतात. तार वितळली की त्या उष्णतेने वाळूही वितळते, झोत विझतो. १००० व्होल्टच्या अशा फ्यूजवर २०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता लिहिलेली सापडते. दुकानदाराला एवढंच विचारा, ‘यात एचआरसी फ्यूज आहे का?’ तो गोंधळला तर माहितीपुस्तिकेत फ्यूजचा तक्ता बघा. व्होल्टेज ६०० किंवा १००० लिहिलंय की २५०? जॅकजवळ ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असेल तर त्या जॅकला फ्यूजच नाही. तो मीटर खाली ठेवून द्या.

दुसरी गोष्ट जॅकच्या आसपासच छापलेली असते. कॅट २, कॅट ३, कॅट ४, आणि पुढे व्होल्ट. ही आयईसी ६१०१० या मानकातली वर्गवारी. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावायची उपकरणं. कॅट ३ म्हणजे घरातलं पक्कं वायरिंग आणि वितरणाचा बोर्ड. कॅट ४ म्हणजे वीज इमारतीत शिरते ती जागा, मुख्य मीटरपाशी. लोक फक्त व्होल्टचा आकडा बघतात आणि फसतात. वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद झाली की तारांवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो, आणि ही वर्गवारी त्या झटक्यासाठी आहे. चाचणीत कॅट २, ६०० व्होल्टला ४००० व्होल्टचा झटका १२ ओहममधून दिला जातो. कॅट ३, ६०० व्होल्टला ६००० व्होल्टचा, तोही फक्त २ ओहममधून. भागाकार करून बघा : एकीकडे ३३३ अँपिअर, दुसरीकडे ३०००. कॅट २, १००० व्होल्टलाही झटका ६००० चाच, पण १२ ओहममधून, म्हणजे ५०० अँपिअर. म्हणून ‘१००० व्होल्ट कॅट २’पेक्षा ‘६०० व्होल्ट कॅट ३’ मीटर दणकट. तुम्ही आज फक्त प्लग बदलता, पण उद्या वितरण बोर्डाचं झाकण उघडाल हे मला ठाऊक आहे. सगळे उघडतात. कॅट ३, ६०० व्होल्ट घ्या.

फक्त हे छापायला शाई पुरते, ही अडचण आहेच. म्हणून मीटरवर यूएल, सीएसए, टीयूव्ही अशा त्रयस्थ चाचणी संस्थेची खूण शोधा. सीई ही खूण बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, तिला साक्षीदार समजू नका.

आता तुमचे २०,००० काउंट. काउंट म्हणजे डिस्प्ले किती बारीक दाखवतो ते. किती खरं दाखवतो ते ‘अ‍ॅक्युरसी’च्या रकान्यात असतं. गाडीची बॅटरी मोजलीत आणि मीटरने १२.६३४ दाखवलं, पण अ‍ॅक्युरसी ०.५ टक्का असेल, तर सहा शतांश इकडे किंवा तिकडे होऊ शकतात. मग शेवटचे दोन आकडे शोभेचे. २००० काउंटचा मीटर घरचं व्होल्टेज नुसतं २३० दाखवेल, ६००० काउंटचा २३०.४. घरकामाला याच्या पलीकडे काही लागत नाही. तापमान, ट्रान्झिस्टर वगैरे पहिल्या आठवड्यात वापराल, नंतर नाही.

एक सोय मात्र घ्या, ट्रू आरएमएस, म्हणजे लाट कुठल्याही आकाराची असो, एसीचा खरा आकडा काढणं. साधा मीटर एसीची सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो आणि तो आकडा दाखवतो. लाट शुद्ध साइन असेल तर उत्तर अचूक. पण साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लाट असली तर खऱ्या २३० चे तो २५५ दाखवणार, आणि तुम्ही उगाच इन्व्हर्टर उघडून बसाल. डिमरचंही तसंच.

कंटिन्युइटीचा, म्हणजे तार सलग आहे हे वाजून सांगणारा, बझर दुकानातच वाजवून बघा. प्रोब एकमेकांवर भराभर घासा. आवाज मागे रेंगाळत किंवा तुटक येत असेल तर तुटकी तार शोधताना तो तुमचा जीव खाईल. डिस्प्लेला दिवा हवाच, कारण बोर्ड नेहमी जिन्याखाली किंवा कपाटामागे असतो. सेल पेन्सिल सेलसारखे सहज मिळणारे असावेत. सेल उतरल्याची खूण दिसली की लगेच बदला, कारण उतरत्या सेलवर काही मीटर आकडा चढा दाखवतात.

लीडबद्दल लोक विचारतच नाहीत. मीटर चांगला आणि लीड काठीसारख्या ताठ, हे मी शेकडो वेळा पाहिलं. सिलिकॉनच्या मऊ लीड घ्या किंवा वेगळ्या बदलून घ्या. त्यांवरही वर्गवारी छापलेली असते, आणि मीटर व लीड यांतली जी कमी असेल तीच तुमची खरी वर्गवारी. कॅट ३ साठी प्रोबचं उघडं टोक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्यासाठी टोपी येते, ती हरवू नका. लांब उघडं टोक बोर्डात दोन स्क्रूंना एकदम टेकतं.

आणि एक नावडता सल्ला. तुम्ही लिहिलेल्या कामांत करंट मोजायचं काम एकही नाही. चार्जर, बॅटरी, वायर, सगळं व्होल्ट आणि ओहममध्ये निघतं. हीटर जळाला का, हेही ओहमवर कळतं : २३० व्होल्टच्या २००० वॉटच्या हीटरची कॉइल, प्लग काढून, साधारण २६ ओहम दाखवते, तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. मग करंटचा जॅकच नसलेला मीटर का घेऊ नये? जी चूक मी केली ती तिथे करताच येत नाही. फ्लूक १०१ असा आहे : ६००० काउंट, कॅट ३ ६०० व्होल्ट, करंट नाही, ट्रू आरएमएस मात्र नाही. करंट आणि ट्रू आरएमएस दोन्ही हवं असेल तर ब्रायमन बीएम२३५ बघा. खिसा आणखी सैल करणार असाल तर फ्लूक ११७, पण त्यातही मिलिअँपिअर नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. यांपैकीच घ्या असं नाही. वरची कसोटी लावून दुसरा निघाला तर तोही चालेल.

करंटवाला घेतलात तर फ्यूज शाबूत आहे का, हे झाकण न उघडता बघता येतं. लाल लीड नेहमीच्या व्होल्ट-ओहमच्या जॅकमध्ये, नॉब ओहमवर, आणि त्याच लीडचं टोक १० अँपिअरच्या जॅकमध्ये घाला. अर्ध्या ओहमच्या आत दाखवलं तर फ्यूज आहे.

प्रश्न : आमच्याकडे एका केबलमधली एक तार दोन्ही टोकांना मोकळी आहे. तरी मीटर तिच्यावर ६५-७० व्होल्ट दाखवतो. टेस्टर लावला तर अंधुक पेटतो. मीटर बिघडलाय का?

उत्तर : मीटर ठीक आहे. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स बहुधा १० मेगओहम असतो, म्हणजे तो तारेकडून जवळजवळ काहीच मागत नाही. शेजारची तार चालू असली की दोन तारांचा मिळून एक बारीकसा कपॅसिटर होतो, त्यातून चिमूटभर वीज या मोकळ्या तारेवर येते, आणि मीटर इमानदारीने ती दाखवतो. तंत्रज्ञ याला भुताचं व्होल्टेज म्हणतात. काही मीटरवर ‘लो झेड’ अशी जागा असते. तिथे आतला रेझिस्टन्स काही हजार ओहमवर येतो आणि हे भूत उतरतं. खरं व्होल्टेज असेल तर आकडा तिथेही टिकतो. पण हात लावण्याआधी मीटर एका नक्की चालू सॉकेटवर बघा, मग ही तार बघा, आणि मग परत त्या चालू सॉकेटवर. मधल्या काळात मीटरच मेला असेल तर तिसऱ्या वेळी कळेल.

प्रश्न : वडिलांचा जुना काट्याचा मीटर आहे. डिजिटल घेतल्यावर मोडीत काढू का?

उत्तर : मुळीच नको. हा मीटर जन्माला आला तोच ओझ्याच्या कंटाळ्यातून. डोनाल्ड मॅकेडी नावाचा ब्रिटिश टपाल खात्यातला अभियंता तीन-तीन यंत्रं वागवून वैतागला आणि त्याने अँपिअर, व्होल्ट, ओहम एका डब्यात घातले. १९२३ साली तो ‘एव्हो’ नावाने विकायला आला. व्होल्टेज हळूहळू चढतंय की उतरतंय, हे काटा अजूनही आकड्यांपेक्षा छान दाखवतो. घरच्या मुख्य पुरवठ्यावर मात्र तो लावू नका, त्याला वर्गवारी नाही आणि त्याच्या वायरी तुमच्याहून म्हाताऱ्या असतील. सेल काढून ठेवा. आणि ओहमवर डायोड तपासाल तेव्हा लक्षात असू द्या, काट्याच्या बहुतेक मीटरमध्ये काळ्या लीडवर धन टोक येतं. डायोड उलटा दाखवला म्हणून फेकून देऊ नका, लीड अदलाबदल करून बघा.