बाबा साखर तपासायचं टाळतात, डॉक्टरांकडेही जात नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत राहणारे तुमचे बाबा टाइप २ डायबेटिसच्या गोळ्या घेतात, पण ग्लुकोमीटर कपाटात पडून आहे आणि 'डॉक्टर ओरडतात' म्हणून सहा महिने दवाखान्यात गेलेले नाहीत. मला यात आळस कमी आणि धास्ती जास्त दिसते. मीटरवर २४० आलं की घरातून पहिला प्रश्न येतो, 'काय खाल्लंत?' मग माणूस आकडाच बघायचं सोडतो. म्हणून पंधरा दिवस आकड्यावर कुणीही काही बोलू नका, तो फक्त वहीत लिहा.

रोज टोचायची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, एकाच जेवणाला: जेवायच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेजारी ताटात काय होतं ते लिहा. एके दिवशी नेहमीचा भात, दुसऱ्या दिवशी निम्मा भात आणि जास्त उसळ. फरक त्यांना स्वतःलाच दिसेल, आणि तो कुणाच्या उपदेशापेक्षा जास्त पटतो. हात धुऊन कोरडे करा, आंबा कापलेल्या बोटावर आकडा उगाच वाढतो. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचलं तर दुखतं कमी. मीटरच्या स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करा, पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ठीक, वयाप्रमाणे डॉक्टर यात बदल करतात.

'गोळी घेतली ना?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' हेच येणार. 'या आठवड्यात किती घ्यायच्या राहिल्या?' असं विचारा. गोळी टाळण्यामागे बहुधा कारण असतं. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने काहींचं पोट बिघडतं. ती जेवणासोबत घ्यायची, तरी त्रास झाला तर डॉक्टरांना हळूहळू विरघळणाऱ्या गोळीबद्दल विचारा. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी दुसरी गोळी घेऊन जेवण लांबलं, ठाण्याची लोकल रखडली, की साखर उतरते: घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं. असं एकदा झालं की माणूस भीतीपोटी गोळीच चुकवतो आणि सांगत नाही. साखर ७० च्या खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

ओपीडीत मिळतात जेमतेम पाच मिनिटं. वही आणि एक चिठ्ठी न्या: किती गोळ्या घ्यायच्या राहतात, काय त्रास होतो, एक प्रश्न. एचबीए१सी ही रक्ताची चाचणी गेल्या साधारण तीन महिन्यांची साखरेची सरासरी सांगते, ती करून घ्या. डोळे, पाय आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा. डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर खुशाल बदला. नुसती साखर-बीपी तपासायला महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्रही चालतं.

पथ्याचा कंटाळा वेगळा आणि नैराश्य वेगळं. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास असतील, कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.