व्हिया दे ला प्लाता चालताना रोमन अवशेषांसाठी वेळ कुठे ठेवावा

स्पेनमधल्या व्हिया दे ला प्लाता या जुन्या रोमन रस्त्यालगतच्या यात्रेकरूंच्या वाटेने एप्रिलअखेर सेव्हिलहून निघून सालामांकापर्यंत चालायचं, रोज 22 ते 25 किलोमीटर, आणि वाटेतले रोमन अवशेष नीट बघायचे. त्यासाठी थांबायचं कुठे, आणि अल्कांताराच्या रोमन पुलासाठी वाट वाकडी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी पुलाचं: नको. तो वाटेवरच्या कासेरेस शहरापासून साठेक किलोमीटर आडबाजूला आहे, जाऊन-येऊन चालण्यात चार-पाच दिवस मोडतील. त्यातले दोन मेरिदाला द्या, बाकीचे पायांना. एकूण अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे, त्यामुळे 25 दिवस हाताशी धरा.

सेव्हिलहून दहाएक किलोमीटरवर सान्तिपोन्से लागतं आणि गावाला लागूनच इतालिका. इ.स.पू. 206 मध्ये वसलेलं हे शहर, सम्राट ट्राजानचं जन्मस्थान. बहुतेकांची चूक इथेच होते. पहिल्याच दिवशी सॅकसकट आत शिरायचं, दोन-अडीच तास फिरायचं आणि भर दुपारी पुढच्या गियेना गावाकडे निघायचं. पुढचे 12-13 किलोमीटर शेतांमधून सरळ जातात, सावली जवळजवळ नाही. त्यापेक्षा चालायला लागायच्या आदल्या दिवशी सेव्हिलच्या प्लासा दे आर्मास स्थानकातून बसने जाऊन मोकळ्या हातांनी बघून या. सोमवारी बंद असतं. अँफिथिएटर सगळेच बघतात, पण 'प्लानेतारियो' नावाच्या घरातली फरशी चुकवू नका. त्या मोझेकमध्ये आठवड्याच्या सात वारांच्या ग्रहदेवता आहेत, मधोमध शुक्र म्हणजे व्हीनस. रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हेच सातजण तिथे गोलाकार चौकटींतून बघत असतात. आपल्या पंचांगातले वार आणि हे वार एकच.

मेरिदाला दोन मुक्काम आणि मधला एक पूर्ण दिवस ठेवा. ऑगस्टसने इ.स.पू. 25 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं हे एमेरिता ऑगस्टा. गावात शिरताना ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल पायीच ओलांडायचा असतो. साधारण 790 मीटर लांब, 60 कमानी, वाहनांना बंदी. थकलेले पाय इथे घाई करतात, पण पुलाचं शहराकडचं टोक बघण्यासारखं आहे. तिथल्या खांबांना प्रवाहाच्या वरच्या बाजूला गोलसर नाक दिलंय आणि दोन मोठ्या कमानींच्या मध्ये खांबातच एक छोटी कमान पोखरून ठेवलीय. पुराचं पाणी चढलं की त्यातून निघून जावं आणि खांबावरचा दाब कमी व्हावा, हा हेतू. पुलाची बाकीची लांबी नंतर अनेकदा दुरुस्त झाली, पण एवढ्या भागात मूळची कारागिरी दिसते.

थिएटर, अँफिथिएटर, अल्काथाबा (अरबी काळातला किल्ला), मित्रेओचं घर वगैरेंचं एकत्रित तिकीट मिळतं, तेच घ्या. रोमन कला संग्रहालयाचं तिकीट वेगळं. तेही सोमवारी बंद असतं, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी मोफत. म्हणून मेरिदाचा मोकळा दिवस सोमवारी येणार नाही, असा हिशेब सेव्हिललाच मांडा.

मेरिदातलं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते गाव सोडतानाची सकाळ. वाट आल्बारेगास ओढ्यावरच्या छोट्या रोमन पुलावरून जाते आणि शेजारीच 'लोस मिलाग्रोस' जलवाहिनीचे खांब उभे आहेत, सुमारे 25 मीटर उंच. खांब जवळून बघा: ग्रॅनाइटचे काही थर, मग लाल विटांचे काही थर, पुन्हा ग्रॅनाइट. माथ्यावर करकोच्यांची घरटी. साधारण सहा किलोमीटर पुढे गेलात की प्रोसेर्पिनाचं धरण येतं. याच तलावाचं पाणी त्या खांबांवरून शहरात येत असे; म्हणजे सकाळभर तुम्ही पाण्याच्या उलट दिशेने, नळाकडून उगमाकडे चालत असता. धरणाच्या पाण्याकडच्या बाजूला दगडी भिंत, तिला आतून आधार देणारे धिरे आणि मागे मातीचा भराव. तलाव उतरलेला असेल तेव्हा भिंत छान दिसते.

पुढे अल्कुएस्कार ते अल्देआ देल कानो या पट्ट्यात मैलाचे दगड भेटतात. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, आजचे सुमारे 1,480 मीटर. अक्षरं झिजलेली असतात, सकाळचं तिरपं ऊन पडलं तरच वाचता येतात. IMP, CAES म्हणजे सम्राट. शेवटी MP आणि आकडा म्हणजे मैलांतलं अंतर. काही दगड नव्याने बसवलेल्या प्रतिकृती आहेत, गुळगुळीतपणावरून लगेच ओळखू येतात. एका दगडात चौकोनी कोनाडा कोरलाय, त्यात पूर्वी टपाल ठेवत.

रस्ता शोधताना मात्र मोठ्या फरश्या शोधू नका. गावाबाहेर रोमन रस्त्याचा वरचा थर बारीक खडीचा असे, खाली जाड दगड, आणि सगळा रस्ता शेताच्या बांधासारखा उचललेला, कडेला चर. आज पायांना टोचणारे ओबडधोबड दगड म्हणजे बऱ्याचदा वरची खडी धुऊन गेल्यावर उघडा पडलेला पाया. एस्त्रेमादुरा प्रांतात (मेरिदा, कासेरेस इथेच येतात) वाटेवर ग्रॅनाइटचे ठोकळे आहेत: पिवळी खूण यात्रेकरूंच्या वाटेची, हिरवी मूळ रोमन रस्त्याची. नुसत्या हिरव्यामागे गेलात तर कुंपणापाशी अडकाल, दोन्ही रंग एकत्र असतील तिथे खुशाल जा.

सगळ्यात अवघड टप्पा कार्काबोसो ते अल्देआनुएवा देल कामिनो, 38-39 किलोमीटर. बरोबर मध्ये कापारा. ओसाड पडलेल्या शहराच्या चौकात चारही बाजूंनी उघडी कमान उभी आहे आणि तुमची वाट तिच्याखालूनच जाते. ठोकळ्यांवर कोरलेली आकृती हिचीच. पण मध्ये गाव नाही, दुकान नाही. वारीत वाटेवर कोणीतरी पाणी, चहा, फराळ हातात ठेवतंच. त्या सवयीने इथे निघालात तर हाल होतील. माणशी 3 लिटर पाणी आणि दुपारच्या जेवणाची शिदोरी कार्काबोसोहूनच घ्या. माहिती केंद्र उघडं असेलच असं धरू नका. एका दमात हा टप्पा केला तर कमानीखाली जेमतेम वीस मिनिटं मिळतात. म्हणून सहा-सात किलोमीटरवरच्या ओलिवा दे प्लासेन्सियाला मुक्काम ठरवा. आदल्या संध्याकाळीच फोन करून जागा पक्की करा आणि कापारापासून गाडीने नेण्या-आणण्याची सोय होईल का, तेही विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीपासून पुन्हा चालायला लागा.

त्यानंतर बान्योस दे मोन्तेमायोर. तिथले गरम पाण्याचे झरे रोमन काळापासून वापरात आहेत, पाय शेकून घ्या. गावाबाहेर चढणारा फरसबंद रस्ता दुरुस्त केलेला आहे आणि दवाने निसरडा होतो. काठ्यांच्या टोकांना रबरी टोप्या लावूनच चढा. नुसतं धातूचं टोक दगडावर घसरतं आणि दगडावर ओरखडेही उठतात.