टेम्सवर रात्री बोट बांधायची तर पैसे कुणाला आणि कशाचे

तुमचे प्रश्न दोन. ऑक्सफर्डहून खाली येताना संध्याकाळी एका कुरणाला बोट बांधलीत आणि शेतकरी येऊन दहा पौंड घेऊन गेला. नदी सगळ्यांची असताना हा कोण मागणारा? आणि दुसऱ्या दिवशी एका पाटीवर 'विनापरवाना थांबल्यास शंभर पौंड' असं वाचलंत. ते खरंच भरावे लागतात का?

शेतकऱ्याचं बरोबर होतं. महाराष्ट्रात नदीचं पात्र सरकारी, जमीन महसूल संहितेतच तसं आहे, म्हणून काठावर कुणी पैसे मागितले की आपल्याला आधी दादागिरीच वाटते. इंग्लंडात काठ ज्याचा, पात्राच्या मध्यापर्यंतचा तळही सहसा त्याचाच. लोकांचा हक्क आहे तो पाण्यावरून ये-जा करण्याचा. टेम्सपुरता तो १८८५ च्या कायद्यात नोंदवलाय. प्रवासाच्या ओघात वाजवी वेळ थांबणंही त्यात बसतं. पण त्याच कायद्यानं काठमालकाचे हक्कही शाबूत ठेवलेत. बोट पाण्यावर आहे तोवर तुम्ही हक्काचे, हातोड्यानं त्याच्या गवतात खुंटी ठोकलीत की पाहुणे. बोटीसाठी एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, म्हणजे नदीचा कारभार बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, भरलेलं नोंदणी शुल्क नदी आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दरवाजे) वापरण्याचं; खाजगी काठ त्यात येत नाही. टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, चालायची मुभा आहे म्हणून तिथं दोर बांधायची मुभा आहे, असंही नाही. कालव्यांवर बोटी चालवलेले लोक नेमके इथं गोंधळतात, कारण तिकडं कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या टोपाथला बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं.

'मग मधेच नांगर टाकून झोपतो' असं कुणीतरी म्हणतंच. कागदावर ठीक आहे. पण वरची टेम्स अरुंद, वळणावळणाची. सकाळी सकाळी रोइंगवाले पाठमोरे वल्ही मारत येतात आणि तुमची साठ फुटी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) त्यांच्या वाटेत आडवी. भाड्याच्या बोटीवरचा नांगर इंजिन बंद पडलं तर, त्यासाठी असतो.

काठ कुणाचा हे नुसतं बघून कळत नाही. रनीमीड आणि क्लिव्हडन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं, विंडसरसमोरचं ब्रोकस हे कुरण ईटन कॉलेजचं, हेन्ली आणि वॉलिंगफर्डला नगर परिषदा पैसे घेतात, ॲबिंग्डनला मात्र नगराच्या काठावर काही दिवस फुकट राहता येतं. एजन्सीच्या स्वतःच्या जागांवर बऱ्याच ठिकाणी पहिले २४ तास मोफत. पबच्या धक्क्याला बहुधा जेवणावर भागतं, पण आधी आत जाऊन विचारायचं, दोर बांधून झाल्यावर नाही. दर म्हणाल तर बहुतेक जागी रात्रीचे पाच ते पंधरा पौंड. हेन्ली रेगाटाच्या, म्हणजे तिथल्या रोइंग शर्यतींच्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला, हा हिशोब विसरा. तेव्हा आधी आरक्षण नसेल तर त्या भागात जाऊच नका.

शेतकरी लोक वसुलीला साधारण जेवणाच्या वेळेला येतात, क्वाड बाइकवरून, मागं कुत्रा. काही पावती देतात, काही नुसती मान डोलावतात. सुटे पौंड जवळ ठेवा. नेटवर्क नसलेल्या कुरणात कार्ड मशीनची अपेक्षा नको. पावती मागायला लाजू नका, कारण रात्री उशिरा त्याचा भाऊही येऊ शकतो! या पैशांत तुम्हाला काय मिळतं तेही बघा: कापलेलं गवत, बोट टेकण्याइतकं काठाशी खोल पाणी, आणि विलोच्या फांद्या छाटलेल्या, नाहीतर छपरावरचा रंग खरवडून निघतो. मला तरी हे दहा पौंड कधी जड वाटले नाहीत. खुंटी मात्र काठापासून थोडी आत, बोटीपासून बाहेर कललेली ठोका आणि तिच्या डोक्यावर पांढरी पिशवी बांधा. अंधारात फिरायला निघालेला माणूस अडखळला तर दहा पौंडांपेक्षा महाग पडेल.

आता शंभर पौंडांची पाटी. हा दंड नव्हे, पाटीच्या आधारे केलेल्या कराराचा दावा आहे. 'पहिले अमुक तास मोफत, पुढं इतके पौंड' असं ठळक लिहिलंय, बोटीतून वाचता येतंय आणि तरी तुम्ही थांबलात, तर अट मान्य केली असं धरलं जाऊ शकतं. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं कारच्या बाबतीत ८५ पौंडांची अशी आकारणी वैध ठरवली, आणि बोटींच्या पाट्या लावणाऱ्या कंपन्या त्याच वाटेनं चालतात. उलट नुसतं 'इथं बोट बांधू नये' असेल, तर तिथं कुठली सोयच देऊ केलेली नाही, मग करार झाला म्हणणं अवघड. मालक फार तर अतिक्रमणाची भरपाई मागेल, आणि एका रात्रीचं खरं नुकसान सहसा किरकोळ असतं. ही बांधायची परवानगी समजू नका. 'घुसखोरांवर खटला भरू' ही पाटी तर बहुतांशी बुजगावणं. साधं अतिक्रमण इथं दिवाणी मामला आहे.

पत्र आलंच तर घाईनं पैसे भरू नका आणि फेकूनही देऊ नका. बांधतानाच पाटीचा आणि बोटीचा फोटो काढून ठेवायचा, वेळेसकट. झुडपांत बुडालेली पाटी फोटोत तशीच दिसली पाहिजे. भाड्याच्या बोटीवर कंपनीचं नाव रंगवलेलं असल्यानं पत्र आधी तिकडं जातं, म्हणून अनामत रकमेतून ते परस्पर भरणार का, हे बोट घेतानाच विचारा.

एक अपवाद. लॉकवर लाल फलक लागला, म्हणजे प्रवाह जोरात आहे, तर मुदत संपली म्हणून बोट सोडून निघू नका. लॉककीपरला किंवा मालकाला फोन करून सांगा आणि तिथंच थांबा. अशा वेळी जादा रात्रीचे पैसे मागणारे भेटतात, हुसकावणारा मला अजून भेटलेला नाही.

आणि ऑगस्टात चारच्या आत जागा धरा. सहा वाजता गोरिंगच्या आसपास फिरत बसलात तर उरलेल्या काठावर फक्त अँगलिंग क्लबच्या, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्यांच्या, पाट्या दिसतील.