साक्ष आणि डिस्चार्ज कार्ड

“गोळी घेतली म्हणजे माझा विश्वास कमी पडला, असंच ना?”

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली की आडून-आडून हा प्रश्न येतोच. बीपीच्या गोळीबद्दल तो मला कुणी विचारलेला नाही, शुगरच्याही नाही. गोळी मनासाठी असली की मात्र लगेच विश्वासाचा हिशेब मांडला जातो. मी स्वतः नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढले (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही). शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधली वचनं पाठ करून बक्षिसं घेतली. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही, आणि बरीच वर्षं मी त्याचं उत्तर एका दमात देत असे. एका बाईंनी ती सवय मोडली. त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

त्यांना मी सिस्टर म्हणते, कारण सगळं गावच त्यांना सिस्टर म्हणतं. वय ५४, दवाखान्यात परिचारिका, रविवारी शब्बाथ शाळेच्या शिक्षिका. पहिल्या भेटीला त्या घरी ‘बँकेत जाऊन येते’ असं सांगून आल्या. खुर्चीत टेकून बसल्या नाहीत, कडेला बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

आई गेल्यानंतर दीड वर्ष त्यांना झोप नव्हती, जेवणावर वासना नव्हती. शेवटी दवाखान्यातल्याच एका डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे धाडलं. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिन्यांत बाई माणसांत आल्या. डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटायला लागल्यावरही अजून काही महिने घ्यायच्या, मग हळूहळू कमी करू.

मधे गावात तीन दिवसांची उपवास-प्रार्थना सभा झाली. बाहेरून संदेशक, म्हणजे प्रवचन करणारे, आले होते. शेवटच्या रात्री त्यांनी हाक दिली: मनाच्या गोळ्यांच्या बंधनात जे आहेत त्यांनी पुढं या. सिस्टर पुढं गेल्या. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्या ढसाढसा रडल्या, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा छाती हलकी झाली. घरी येऊन सहा तास सलग झोपल्या. सकाळी गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात. पुढच्या रविवारी उपासनेत माइक हातात घेऊन साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगितलं. शेवटचं वाक्य होतं, “प्रभूनं मला पूर्ण बरं केलं आहे.” कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. सोलापूर-नाशिकच्या नातेवाइकांचे फोन आले.

चौथ्या दिवशी चक्कर सुरू झाली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. या गोळ्या अचानक तोडल्या की असं होऊ शकतं, आणि एवढी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला ते कळत नव्हतं असं नाही. त्या म्हणाल्या, “मी ते सैतानाचं काम धरलं.” चक्कर दोन-तीन आठवड्यांत ओसरली. दोन महिन्यांनी मूळ दुखणं परत आलं. पहाटे तीनला जाग, ड्यूटीरूममध्ये दार लावून रडणं.

आता मात्र त्या ‘साक्ष दिलेली बाई’ झाल्या होत्या. बाया आपापल्या मुली-सुना घेऊन प्रार्थनेसाठी त्यांच्या दारी यायच्या.

इथं माझी चूक झाली, ती सांगते. मी लगेच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, देवानं पंधरा वर्षं वाढवून देतो म्हणून कळवलं, तरी यशया संदेष्टा म्हणाला, अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. वचनही होतं आणि पोटीसही. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाबरोबर फिरणारा लूक तर वैद्यच. मी अशी एकापाठोपाठ एक नावं घेत होते. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मॅडम, हे मी पोरांना शिकवते.”

मी गप्प झाले. ज्याला वचनं ठाऊक आहेत त्याच्यावर आणखी वचनं टाकून काय होणार? प्रश्न गोळीचा नव्हताच. मी नुसतं विचारलं, “मग तुम्हाला नेमकं काय टोचतंय?”

बराच वेळ गेला. मग पर्सकडं बघत म्हणाल्या, “मी खोटी साक्ष दिली. दहा आज्ञांतली नववी मोडली. तीही देवाच्या घरात, देवाचं नाव घेऊन.”

त्या दिवशी आणखी शास्त्र नाही, असं मी ठरवलं. सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बहुतेकांचा अडकलेला श्वास सुटतो. त्या म्हणाल्या, “जीव द्यायचा नाही. पण सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं, असं वाटतं.” परिचारिकेच्या हाताशी औषधांचं कपाट असतं, हे मला विसरून चालणार नव्हतं. त्यांच्या संमतीनं त्यांच्या मिस्टरांना फोन केला. बँकेचं खोटं तिथंच संपलं. काही दिवस औषधांच्या किल्ल्या दुसऱ्या सिस्टरकडं द्यायच्या ठरल्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांनी ड्यूटीच्या डायरीत लिहून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ मिळाली. जुन्या मापानं आपल्या मनानं गोळी सुरू करायची नाही, एवढं मी दोनदा बजावलं. औषध ठरवणं माझं काम नाही.

बायबलमधली एलीयाची गोष्ट मी तेव्हा काढली नाही, पण माझ्या डोक्यात तीच होती. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला हा संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग दूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं झालं ते चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. हा क्रम माझ्यासारख्या समुपदेशकानं आणि प्रत्येक संदेशकानं भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

तिसऱ्या भेटीला त्या थोड्या झोपून आल्या होत्या. मी कोरा कागद दिला. “त्या रात्री काय झालं ते वॉर्डातल्या नोंदीसारखं लिहा. रुग्णाचं नाव नको, बाकी सगळं.”

नोंदी लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पाच मिनिटांत कागद परत आला. रडू आलं, सुमारे वीस मिनिटं. छातीवरचा दाब कमी झाला. आईचा राग गेल्यासारखं वाटलं. (ही आईची गोष्ट तोवर आमच्या बोलण्यात आलेलीच नव्हती.) रात्री अकरा ते पाच झोप. सकाळी भूक.

“यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“‘पूर्ण बरं केलं’ कुठं आहे?”

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. मग कडेला बसलेल्या त्या बाई पहिल्यांदा मागं टेकल्या. “मॅडम, हे सिस्टरच्या नोंदीत नसतंच. आम्ही लिहितो, पेशंट म्हणतो बरं वाटतंय, ताप इतका, नाडी इतकी. डिस्चार्ज डॉक्टर देतात.”

मग मी मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. येशू कुष्ठरोग्याला शुद्ध करतो आणि ताकीद देतो: कुणाला काही सांगू नकोस, जा, याजकाला स्वतःला दाखव, मोशेनं नेमलेलं अर्पण कर. बरं करणारा स्वतः प्रभू. तरी तपासणी व्हायची ती मोशेच्या नियमांच्या लेवीय पुस्तकातल्या चौदाव्या अध्यायाच्या रीतीनं, याजकाकडून, सात दिवस थांबून. तो माणूस मात्र बाहेर पडला तो गाजावाजा करतच, आणि त्यामुळं येशूला उघडपणे गावात जाता येईना, असं मार्क लिहितो. हा भाग सिस्टरांनी शिकवलेला होता, पण नेहमी ‘बघा, त्याला किती आनंद झाला’ असाच. आपण सगळेच तसा शिकवतो.

साक्ष म्हणजे पाहिलेलं सांगणं. त्यांनी पाहिलेलं खरं होतं. निकाल तेवढा त्यांच्या हातचा नव्हता, आणि हाताखालच्या नर्सला असा घाईचा डिस्चार्ज त्यांनी कधी करू दिला नसता.

याच भेटीत पणजीचा विषय निघाला. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी त्यांची पणजी. तिथल्या १९०५च्या संजीवनाच्या, म्हणजे मोठ्या धार्मिक जागृतीच्या गोष्टी सिस्टरांनी लहानपणापासून ऐकलेल्या, आणि त्याच मापानं त्या स्वतःला तोलत होत्या. मी म्हटलं, त्याच केडगावात पंडिता रमाबाई कमी ऐकू येत असताना राहिल्या. वैद्यकी शिकायला १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि या बहिरेपणामुळंच ते शिक्षण राहून गेलं. संजीवनाच्या मधोमध राहूनही त्यांचे कान बरे झाले नाहीत. १९२१मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तिच्यामागून वर्षाच्या आत १९२२मध्ये त्या गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. सिस्टर हसल्या. “पणजी म्हणायची, बाईंशी मोठ्यानं बोलावं लागायचं.”

मला राहून-राहून नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. महाराष्ट्रात आमचा समाज निम्मा तरी दवाखान्यांच्या आवारात वाढला. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं, तिथं आणि अशा कितीतरी मिशन दवाखान्यांत आमच्या आज्या नर्सिंग शिकल्या. सकाळी वॉर्डात प्रार्थना, मग औषधाची गाडी. त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही. ते भांडण आम्ही कुठून आणलं?

पुढचं काम मंडळीच्या पाळकसाहेबांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) होतं, आणि ते सिस्टरांनीच सुचवलं. मी जरा धास्तावले होते, कारण ती सभा त्यांनीच ठेवली होती. तिघं बसलो. सिस्टरांनी नोंदीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “सिस्टर, मी अकरा वर्षं बीपीची गोळी घेतो. व्यासपीठावरून कधी बोललो नाही.” पाहुण्या संदेशकांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला ते खटकलं, अजूनही खटकतं. पण महिनाभरानं त्यांनी जो संदेश दिला, तो ऐकायला मी मुद्दाम गेले होते.

‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन आमच्या घराघरांत फ्रेममध्ये टांगलेलं असतं. साहेब म्हणाले, त्याच पत्राची दोन पानं मागं चाळा. एपफ्रदीत नावाचा भाऊ तिथं इतका आजारी पडला की मरणाच्या दारी गेला. पौलाच्या अंगावरचे रुमाल लावून इफिसात लोक बरे झाले होते, तोच पौल इथं उशाशी बसून आहे. देवानं दया केली नसती तर दुःखावर दुःख आलं असतं, असं तो मोकळेपणानं लिहितो. आणि एपफ्रदीत कशानं बेचैन होता? आपण आजारी आहोत हे गावाकडं कळलं, यानं. त्या बेचैनीसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री व्याकूळ झालेल्या प्रभूसाठी वापरला आहे. तिसऱ्या बाकावर बसलेल्या सिस्टरांनी पदर तोंडाला लावला.

गोळ्यांनी आपला वेळ घेतला. आधी झोप आली, मग भूक, मन उजळायला पाच-सहा आठवडे. आईच्या रागावर आम्ही त्यानंतर बरेच दिवस बोललो, ते इथं लिहिणार नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. एक नात्यातली बाई अजून म्हणते, ‘सिस्टर विश्वासात घसरली.’ प्रार्थनेला येणाऱ्या दोघी यायच्या बंद झाल्या. माइक हातात घेऊन दुसरी साक्ष द्यायला सिस्टरांनी नकार दिला, मीही आग्रह केला नाही. महिला मंडळात तिघींना मात्र त्यांनी खरं ते सांगितलं. त्यातली एक आपल्या सुनेला घेऊन आली, तेव्हा सिस्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि डोळे उघडून विचारलं, “डॉक्टरांची चिठ्ठी आणली आहेस का? दाखव बरं.”

तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. काढून टाकायला सांगू का, असं मी शेवटच्या भेटीत विचारलं. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, “राहू दे. त्यात मी रडतेय ते खरं आहे. शेवटच्या वाक्याला तेवढी घाई झाली.”