कलावंतांना अनुदान देणाऱ्या संस्थेत करिअर होतं का?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलीने पुण्याच्या ललित कला केंद्रातून नाट्यविषयात एम.ए. केलं. आता ती म्हणते, "मला रंगमंचावर उभं राहायचं नाही. कलावंतांना अनुदान देणाऱ्या फाउंडेशनमध्ये काम करायचंय आणि पुढे तो विभाग सांभाळायचाय." वडील बँकेत कर्ज विभागात आहेत. ते विचारतात: हे काम नेमकं काय असतं, नोकऱ्या आहेत का, आणि तिने आता एमबीए करावं का?

नमस्कार,

नोकऱ्यांचं आधी सांगतो. कमी आहेत. कलेला सातत्याने पैसा देणाऱ्या खासगी संस्था आपल्याकडे मोजक्याच: १९९३ साली बंगळुरूत स्थापन झालेली इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, मुंबईचे टाटा ट्रस्ट्स, इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन, दिल्लीची फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट, २०१६ पासून पणजीत महोत्सव भरवणारं सेरेंडिपिटी, अशा काही. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि अशा कामांच्या यादीत कला-संस्कृतीही आहे. पण त्यातला मोठा वाटा शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. विभागप्रमुखाची खुर्ची तर क्वचितच रिकामी होते. दहा-बारा वर्षांची वाट धरा, आणि सुरुवातीचा पगार तुमच्या बँकेतल्या नव्या अधिकाऱ्यापेक्षा कमी असेल हेही धरा.

आता काम. तुम्ही कर्जाच्या फायली पाहता, म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. इथेही अर्ज येतो, छाननी होते, हप्ते ठरतात, हिशेब मागितला जातो. फरक एवढाच की पैसा परत येत नाही आणि तारण काही नसतं. असलंच तर इथलं तारण म्हणजे त्या माणसाची आजवरची कामं आणि त्याचा विचार. ते वाचायला शिकणं हीच या व्यवसायाची खरी विद्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळांचं दृक्‌श्राव्य दस्तऐवजीकरण करायचं म्हणून अर्ज आलाय. भाषा सुंदर, टिपणं व्यवस्थित. पण चित्रीकरण लावलंय जुलै-ऑगस्टमध्ये. जत्रांचा हंगाम सुरू होतो कार्तिकात; भर पावसात देवळासमोर कुठलं मंडळ उभं राहणार? अंदाजपत्रकात कॅमेरा आहे, प्रवास आहे, संकलन आहे, आणि रात्रभर नाचणाऱ्या कलावंतांच्या मानधनापुढे शून्य. चांगली अधिकारी हा अर्ज फेटाळत नाही. ती फोन करते, दोन प्रश्न विचारते आणि अर्जदाराला आराखडा पुन्हा मांडायला लावते. मंडळाच्या मालकांना याची कल्पना आहे का, झालेलं चित्रीकरण शेवटी कोणाकडे राहणार, हे विचारते. पुष्कळदा अनुदानाच्या रकमेपेक्षा ही बोलणी अर्जदाराला जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

तरीही बहुतेकांना "नाही" म्हणावं लागतं. शंभर अर्जांतले थोडेच निवडले जातात, आणि नकार नीट कारणासकट कळवणं फार थोड्यांना जमतं. तुमच्या मुलीसाठी हा भाग सगळ्यात अवघड असेल, कारण अर्ज करणाऱ्यांत तिचेच वर्गमित्र असणार. ओळखीच्या माणसाचा अर्ज आला की चर्चेतून उठून बाहेर जायचं, हा नियम तिने पहिल्या दिवसापासून पाळावा. काही मैत्र्या तरीही दुरावतील. तिच्याशी हे आत्ताच बोला.

विभागप्रमुख झाल्यावर काम बदलतं. कशाला पैसा द्यायचा, अर्ज कोणत्या भाषेत घ्यायचे, हे ती ठरवते. अर्ज फक्त इंग्रजीत घेतले तर लातूरचा शाहीर आणि गडचिरोलीतलं झाडीपट्टीचं मंडळ दारातच थांबतं. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले अर्ज घेते, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. शिवाय विश्वस्तांना पटवायचं, निधी उभा करायचा आणि कायदा सांभाळायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि अशा निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. अनुदान वाटणं हेच ज्यांचं काम, त्यांना हा बदल किती जाचक ठरला असेल ते तुम्हाला सांगायला नको.

या क्षेत्रात माणसं कुठून येतात? इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचे संस्थापक संचालक अनमोल वेलानी नाट्यदिग्दर्शक होते आणि फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन अनुदानसंस्थेत काम करून आले होते. त्यांच्यानंतर धुरा घेतलेल्या अरुंधती घोष यांनी त्याआधी त्याच संस्थेसाठी निधी उभारण्याचं काम केलं होतं. म्हणजे कला आणि पैसा, दोन्हींची भाषा यायलाच हवी.

म्हणून एमबीए आत्ता नको. दोन वर्षं तिने एखाद्या नाट्यसंस्थेचं व्यवस्थापन करावं, तेही अर्ज करणाऱ्याच्या बाजूने. अनुदानाचे अर्ज लिहावेत, नकार पचवावेत, मिळालेल्या पैशाची बिलं जमवावीत, विनियोग प्रमाणपत्रासाठी (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सीएच्या कार्यालयात बसावं, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टचे हिशेब कसे जातात ते पाहावं. ज्याने स्वतः कधी अर्ज लिहिला नाही, तो दुसऱ्याचा अर्ज कोरडेपणाने वाचतो. नाट्यसंस्था चालवणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' नावाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आखला गेला आहे, त्याची चौकशी करावी. आणि नाटकाबाहेरचं पाहावं: चित्रप्रदर्शनं, संग्रहालयं, लोककला, अभिलेखागारं. फक्त नाटक कळणाऱ्या व्यक्तीकडे कलाविभाग कोणी सोपवत नाही.

दोन वर्षांनंतर हे काम आवडत असेल तर कार्यक्रम सहायक किंवा कार्यक्रम अधिकारी या पदांसाठी अर्ज करावा. व्यवस्थापनाची किंवा विकासक्षेत्राची पदवी हवीच वाटली तर तेव्हा घेता येईल, आणि तेव्हा ती कशासाठी घेतोय हे तिला नेमकं माहीत असेल.

एक काम तुमच्याकडे. तिच्या ओळखीच्या एखाद्या नाट्यसंस्थेच्या पुढच्या प्रयोगाचं दोन पानी अंदाजपत्रक तिला मांडायला सांगा: तालमीची जागा, नेपथ्य, टेम्पोभाडं, प्रत्येकाचं मानधन. मग कर्जाची फाइल तपासता तसं ते तपासा. जिथे अडाल, तिथे तिला प्रश्न विचारा.