दुसऱ्या मॉडेलच्या पुढच्या सीट्स आपल्या गाडीत बसवता येतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुमच्या छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या सीट्स पार दबल्यात, तासभर चालवलं की कंबर धरते, आणि आता एका मोठ्या मॉडेलच्या चांगल्या सीट्स मिळतायत, तर जुने चार बोल्ट खोलून नवीन सीट त्याच भोकांत आवळली की काम होईल का. बसवता येतात, लोक बसवतात, मी स्वतः बसवल्यात आणि दुसऱ्यांना बसवूनही दिल्यात. पण भोकं जुळतात का हे मी खूप नंतर बघतो. आधी वाकून बघतो की बेल्टचं बकल कशाला लावलंय.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बकल फ्लोअरला नसतं, सीटच्या फ्रेमला बोल्ट केलेलं असतं, म्हणजे सीट पुढेमागे केली तरी बकल कमरेजवळच राहतं. सोय चांगली आहे पण त्याचा अर्थ असा की टक्कर झाली तर बेल्टने तुम्हाला धरून ठेवताना जो ओढा बसतो त्यातला मोठा भाग बकलमधून सीटच्या फ्रेममध्ये, तिथून रेलमध्ये, म्हणजे सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते त्यांत, आणि शेवटी त्या चार बोल्टवर येतो. ७५ किलोचा माणूस धरा, ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर, आणि तो वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला तर साधारण १४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १४ पट, होतात, म्हणजे सरासरीच हजार किलोच्या वर ओढा, आणि ऐन धडकेच्या क्षणी त्याहून जास्त. शिवाय सीटचं स्वतःचं वजन वेगळं. यूएनचा आर १७ म्हणून सीटच्या मजबुतीचा नियम आहे, त्यात सीट, तिची पकड आणि तिचे लॉक २० जी ला सुटता कामा नयेत अशी चाचणी असते. ती चाचणी कंपनी सीट, रेल, बोल्ट आणि फ्लोअर एकत्र धरून पास करते. आपण त्यातली एक गोष्ट बदलली की पुढची जबाबदारी आपली, हे डोक्यात ठेवूनच पाना हातात घ्या.

आता दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सीटच्या बाजूला, दाराकडच्या कडेला, एअरबॅगचं लेबल आहे का. असेल, आणि दोन्ही गाड्यांची सिस्टिम एकच नसेल, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. याच्यावर लोक खूप वाद घालतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. सीटखाली पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, दिसतात ते एअरबॅगचे आणि बेल्ट ओढून घेणाऱ्या प्रीटेन्शनरचे. गाडीचा एअरबॅग कंप्युटर त्या सर्किटचा रेझिस्टन्स सतत तपासत असतो, साधारण दोन-तीन ओहम असतो, आणि तो सापडला नाही की डॅशबोर्डवर दिवा लावतो. मग कोणीतरी सांगतं की तिथे तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावा, दिवा जातो. दिवा जातो हे खरंय, पण कंप्युटरला वाटतं एअरबॅग आहे आणि तुमच्या बरगड्यांशेजारी काहीच नाही. हे करू नका. आणि दिवा तसाच लागलेला ठेवणंही चालत नाही कारण अनेक गाड्यांत तो दिवा लागला की बाकीच्या एअरबॅगही उघडतील याची खात्री राहत नाही. अगदी दुसऱ्या मॉडेलची एअरबॅगवाली सीट लावून कपलर जुळला आणि दिवाही लागला नाही तरी ती बॅग त्या दुसऱ्या गाडीच्या दारासाठी, त्या उंचीसाठी, त्या वेळेच्या हिशोबाने बनवलेली असते. आणि कृपा करून एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर लावू नका, मीटरमधून जाणारा करंटही धोक्याचा ठरू शकतो. सीट काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, मग तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जेवढी मिनिटं थांबायला सांगितलंय तेवढं थांबायचं कारण कंप्युटरमधले कपॅसिटर थोडा वेळ चार्ज धरून ठेवतात, आणि कपलर सुटलेले असताना इग्निशन ऑन करायचं नाही, नाहीतर फॉल्ट साठून राहतो आणि तो स्कॅनरने काढावा लागतो.

पॅसेंजर सीटचं अजून एक आहे. काही गाड्यांत त्या सीटच्या फोमखाली मॅट किंवा रेलमध्ये वजन मोजणारे सेन्सर असतात, बसलेला माणूस मोठा आहे की लहान मूल की नुसती बॅग ते बघून समोरची एअरबॅग चालू-बंद होते. तो सेन्सर त्याच सीटच्या फोम आणि फ्रेमबरोबर कॅलिब्रेट केलेला असतो. अशी सीट असेल तर ती बाजू जशी आहे तशी सोडा. ड्रायव्हरच्या रेललाही बऱ्याच ठिकाणी सीट किती पुढे आहे ते सांगणारा छोटा सेन्सर असतो, तोही नजरेतून सुटतो.

हे सगळं निपटलं, किंवा दोन्ही गाड्या एवढ्या जुन्या आहेत की सीटमध्ये एअरबॅगच नाही, तर मग मापं. तुमच्या गाडीची सीट बाहेर काढा आणि फ्लोअरवरच्या चार भोकांची मापं घ्या. पुढच्या दोन भोकांमधलं अंतर, मागच्या दोन भोकांमधलं, डावीकडे पुढून मागे, उजवीकडे पुढून मागे आणि दोन्ही कर्ण. कर्ण लोक घेत नाहीत आणि तिथेच फसतात, कारण चारही बाजू जुळल्या तरी आकार तिरका असू शकतो. त्याहून महत्त्वाची उंची. पुढची भोकं बहुतेक वेळा आडव्या बीमवर असतात आणि मागची थेट खालच्या पत्र्यावर किंवा बोगद्याच्या, म्हणजे दोन सीट्सच्या मधल्या उंचवट्याच्या, उतारावर, म्हणजे चारही एका पातळीत नसतातच. दुसऱ्या गाडीच्या रेलचे पाय तिच्या फ्लोअरप्रमाणे वाकवलेले असतात. एक जाड पुठ्ठा फ्लोअरवर ठेवून भोकं उमटवून घ्या, चारही ठिकाणची उंची त्यावरच लिहा, आणि तो पुठ्ठा घेऊन सीट बघायला जा.

तुम्ही सांगितलेल्या केसमध्ये, म्हणजे छोट्या गाडीत मोठ्या गाडीची सीट, भोकं तशीच्या तशी जुळण्याची शक्यता कमी आहे. एकाच प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे खालचा सांगाडा एकच असलेल्या, गाड्यांत जुळतात. माझदाच्या एमएक्स ५ चं उदाहरण घ्या, पहिल्या पिढीत दुसऱ्या पिढीच्या सीट्स लोक सर्रास लावतात कारण फ्लोअर जवळपास तोच आहे. पण प्लॅटफॉर्म एक म्हणून डोळे झाकून घेऊ नका, तीन दारांच्या गाडीची सीट मागे चढण्यासाठी पुढे झुकणारी असते, आणि डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची ड्रायव्हर सीट उजवीकडे स्टिअरिंगवाल्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला लावायची कल्पना तर सोडूनच द्या. डावी सीट डावीकडेच बसते कारण बकल आतल्या बाजूला आणि लिव्हर दाराच्या बाजूला पाहिजे, मग उंचीचा लिव्हर शेजारच्याच्या सीटला मिळतो आणि ड्रायव्हरला नाही.

प्लॅटफॉर्म वेगळा असेल तर मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे रेल तुमच्याच गाडीच्या ठेवायच्या आणि वरची सीट बदलायची. बऱ्याच सीट्समध्ये वरची फ्रेम रेलवर बोल्टने लावलेली असते. रेल तुमची, फ्लोअरची पकड तुमची, बकलही तुमच्या गाडीचं राहिलं तर बेल्टच्या जिभेशी, म्हणजे बकलमध्ये घालायच्या धातूच्या पट्टीशी, जुळण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या गाडीच्या बकलमध्ये तुमची जीभ खटकन बसली तरी ती नीट लॉक झाली असं धरू नका, बाहेरून सारखी दिसणारी बकलं आतून वेगळी निघतात. अर्थात वरची फ्रेम आणि रेल यांची रुंदी जुळायला हवी, आणि जुळत नसेल तर ओढूनताणून फ्रेम वाकवू नका, रेल एकमेकींना समांतर राहिल्या नाहीत की स्लायडर जाम होतो.

हेही जमत नसेल तर मधे ब्रॅकेट बनवावे लागतात आणि इथे मी तुम्हाला थांबवेन, स्वतः घरी करू नका, ज्याला धातूचं काम कळतं त्याच्याकडून करून घ्या आणि त्यालाही चार गोष्टी विचारा. ब्रॅकेट जाड स्टीलचा हवा. सीटच्या मूळ रेलला वेल्डिंग चालणार नाही, ते जास्त ताकदीचं स्टील असतं आणि उष्णतेने तिथेच नरम पडतं. फ्लोअरच्या पत्र्यात नवीन भोक पाडायचं तर खालून मोठी प्लेट द्यावीच लागते, नुसत्या वॉशरमधून बोल्ट पत्रा फाडून वर येतो. कारण टकरीत सीट पुढे झुकू बघते, पुढचे पाय दाबले जातात आणि मागचे दोन बोल्ट वर उपसले जातात, आणि सीट जितकी उंच उचलाल तितका हा ओढा वाढतो. म्हणून उंची भरून काढायला वॉशरची चळत लावलेली दिसली की मी ती गाडी चालवायला नको म्हणतो. भोक जुळत नाही म्हणून रेलचं भोक कानशीने लांबट करणं तसंच वाईट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ छापलेलं असतं ते बघा. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताकद, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४.६ चा बोल्ट दिसायला तसाच पण ताकद निम्मी. सर्वात चांगलं म्हणजे गाडीचे मूळ बोल्टच वापरा, आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघून, आणि मॅन्युअलमध्ये जो टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दिलाय त्याच टॉर्कला आवळा.

जुनी सीट घेताना ती कुठल्या गाडीतून आलीये ते विचारा आणि उत्तरावर न थांबता स्वतः तपासा. कुशन उलटं करून स्प्रिंगवर गंज आणि चिखलाची रेष आहे का, म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी कळते. कडेची शिवण उसवलेली आहे का, म्हणजे एअरबॅग उघडून गेली. आणि दोन्ही सीट्सची बकलं शेजारी धरून बघा, एक दुसऱ्यापेक्षा काही सेंटिमीटर खाली गेलेलं असेल तर तो प्रीटेन्शनर फुटलाय, ती सीट जोरदार धक्का खाऊन आलीये, फ्रेम वरून सरळ दिसली तरी घेऊ नका.

बसवताना चारही बोल्ट आधी हाताने फिरवून पकडा, मग सीट पूर्ण मागे नेऊन पुढचे आवळा, पूर्ण पुढे नेऊन मागचे आवळा. दोन्ही रेल एकाच खाचेत लॉक झाल्या पाहिजेत. हे ओळखायचं कसं तर हँडल सोडल्यावर दोन्ही बाजूंनी एकदमच टक् आवाज येतो, एक टक् आधी आणि दुसरा सीट हलवल्यावर आला तर एक बाजू अर्धवट अडकलीये. अशी सीट ब्रेक मारल्यावर तिरकी ओढली जाते. पाठ टेकून पाय पेडलवर दाबा आणि कंबर जोरात मागे ढकला, अजिबात हलता कामा नये. मग सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन खालची वायर कुठे चिमटत नाही ना ते टॉर्च लावून बघा. मोटरवाली किंवा गरम होणारी सीट असेल तर तिला बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज लावलेली लाईन हवी, जवळच्या लाइटरच्या वायरीतून सप्लाय काढू नका, सीटच्या मोटरला खूप करंट लागतो.

आणि बसून बघा, मिनिटभर नाही, चांगलं अर्धा तास. दोन सेंटिमीटर उंची वाढली तरी डोकं छताजवळ जातं आणि समोरची नजर बदलते. स्टिअरिंगचा मध्य आणि तुमच्या छातीचा मध्य एका रेषेत आहे का बघा, रुंद सीट छोट्या गाडीत बोगद्याला अडते म्हणून लोक ती दाराकडे सरकवतात आणि मग कायम कंबर पिळून गाडी चालवतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी सीट बदलली तेच परत. कमरेचा बेल्ट हाडावर बसतोय का पोटावर चढतोय हे बकलच्या उंचीवर ठरतं, पोटावर चढत असेल तर ती सीट तुमच्या गाडीची नाहीच.

तुमच्या बाबतीत खरं सांगायचं तर तुम्ही तक्रार दबलेल्या कुशनची करताय, फ्रेमची नाही. फ्रेम सरळ असेल आणि पॅसेंजरच्या बाजूला वजनाचा सेन्सर नसेल तर कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा कापून, कव्हर काढून, जुना फोम बाहेर घ्या आणि चांगल्या घनतेचा नवीन फोम त्याच आकारात भरून घ्या, तुटलेली स्प्रिंग असेल तर ती बदला. कमरेमागे थोडा जास्त आधार तिथेच करून घेता येतो. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर टेकण्याचं कव्हर मात्र हलवू नका, ती बॅग एका ठराविक शिवणीतून फुटून बाहेर येते, खालचं कुशन तेवढं करा. मी तुमच्या जागी असतो तर आधी हे केलं असतं, आणि तरीही कंबर धरली तरच पुठ्ठा घेऊन सीट शोधायला निघालो असतो.

आणि शेवटी बदललीतच, तर तुमच्या भागात गाडीतल्या बदलांचे नियम काय आहेत ते आधी बघा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा. मूळ सीट्स टाकून देऊ नका, कोरड्या जागी ठेवा. त्यात एअरबॅग असेल तर ती बाजू मोकळी ठेवा, तिच्यावर काही रचू नका आणि पिवळा कपलर मुलांच्या हाताला लागणार नाही असा बांधून ठेवा.